डाव्या तर्जनीची परीक्षा

आमचा नंदू माणसांचे चेहरे विसरतो, पण शिरा विसरत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी येऊन याला मिठी मारतो, हा नुसता हसतो, आणि तो माणूस जेवणाच्या रांगेकडे वळला की माझ्या कानाशी लागून सांगतो, "उजव्या हाताची शीर झकास आहे याची. डाव्याला फार शोधावं लागतं." नाव काय त्याचं, विचारलं की ठणठण गोपाळ.

नंदू म्हणजे नंदकुमार कर्णिक, माझा नवरा, वय सत्तावन्न. मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर डॉक्टर शर्मिष्ठांची पॅथॉलॉजी लॅब आहे. आधी त्यांचे वडील चालवायचे, तेव्हापासून म्हणजे तेहेतीस वर्षं नंदू तिथे लोकांचं रक्त काढतोय. काढत होता, म्हणायला हवं. मी त्याला अरे-तुरे करते. आमची लग्नाआधीपासूनची ओळख, त्यामुळे नंतर 'अहो' म्हणायला जीभच वळेना. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि मीही बदलले नाही.

मी उत्तरा. पाचवीच्या आणि आठवीच्या स्कॉलरशिपचे क्लास घेते, घरातच, बाहेरच्या खोलीत. अठ्ठावीस वर्षं झाली. माझी पोरं मेरिटमध्ये येतात. का येतात? हुशार असतात म्हणून नाही. मी त्यांच्याकडून सराव करून घेते म्हणून. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

नंदूचं काम लोकांना किरकोळ वाटतं. सुई टोचायची, रक्त ओढायचं, नाव लिहून चिठ्ठी चिकटवायची, झालं. पण ज्यांच्या हातात शिरा राहिलेल्याच नाहीत ना, डायलिसिसवाले, केमोवाले, नव्वदीच्या आज्या, त्यांना विचारा. दुसऱ्या लॅबमध्ये चार चार वेळा टोचून घेऊन, हात काळानिळा करून ती माणसं नंदूकडे यायची. हा पट्टा बांधायचा, हातमोजा घालायच्या आधी डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या खळगीत ठेवायचा आणि डोळे मिटायचा. हो, मिटायचा. "डोळ्यांना दिसते ती शीर फसवते," असं त्याचं म्हणणं. "बोटाला लागते ती खरी." अर्धा मिनिट ते बोट हळूहळू फिरायचं, एका जागी थांबायचं, आणि मग मोजे घालून उजव्या हाताने सुई. एकाच फटक्यात. मुलांना तो विचारायचा, "तुमच्या शाळेतली सगळ्यात खडूस बाई कोण रे?" मूल विचार करून नाव सांगेपर्यंत काम संपलेलं. एकदा एका कार्ट्याने सांगितलं, "शाळेत नाही, तुमच्या घरात आहे." माझ्याच क्लासचा होता तो. नंदू आठवडाभर हसत होता.

मार्चमध्ये एका सकाळी दात घासताना त्याच्या डाव्या हातातला पेला पडला. उचलला, परत पडला. मेंदूत रक्ताची छोटीशी गुठळी अडकली होती. वेळेत नेलं, चार दिवसांत घरी आलो. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, उजवा हात शाबूत. सगळे म्हणाले, नशीब समजा. मीही म्हटलं. फक्त डावा हात जड झाला होता, आणि बोटं मेल्यासारखी. "दुसऱ्या कुणाचा तरी हात माझ्या खांद्याला शिवलाय असं वाटतंय," नंदू म्हणाला. मी म्हटलं, होईल.

डॉक्टर शर्मिष्ठा भली बाई. घरी येऊन सांगून गेली, "काका, जागा तुमचीच आहे. पण हाताची तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट आणा. सुईचं काम आहे, त्याशिवाय मी तुम्हाला बसवू शकत नाही." बरोबरच होतं तिचं. नंदूने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला उठून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तेहेतीस वर्षं सहा वाजता घराबाहेर पडणारा माणूस. जायचं कुठेच नव्हतं. रोज तसाच उभा राहायचा, आठपर्यंत. मग खुर्चीत बसायचा आणि डाव्या हाताकडे बघत राहायचा. मला ते बघवेना. खरं सांगते, मला भीती वाटली. गुठळीने नाही मेला, तर हा त्या खुर्चीत मरेल असं वाटलं.

घाटकोपरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम करून घेतात, तिथे दर मंगळवारी जायला लागलो. तिथली मुलगी रेवती, तिशीची असेल, गोड बोलायची पण पक्की. तिच्याकडे दोन परीक्षा. ती तपासणी म्हणायची, मी परीक्षाच म्हणते. पहिली खुंट्यांची. एक पाटी, तिच्यात नऊ भोकं, शेजारी वाटीसारख्या खळग्यात नऊ खुंट्या. एका हाताने एकेक खुंटी उचलायची, भोकात घालायची, नऊच्या नऊ झाल्या की एकेक काढून परत वाटीत टाकायची. रेवती घड्याळ लावायची. उजव्या हाताने नंदूने एकवीस सेकंदांत उडवलं. डाव्या हाताने एक मिनिट अकरा सेकंद. तीन खुंट्या खाली पडल्या त्या वेगळ्याच.

दुसरी परीक्षा स्पर्शाची. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि रेवती डाव्या तळहातावर एकेक वस्तू ठेवणार. चाचपून ओळखायची. पाच वस्तू. पहिल्या मंगळवारी पाचपैकी शून्य.

"किती यायला हवेत?" मी विचारलं.

"काकू, हे मार्कांचं नसतं," रेवती म्हणाली.

"तरी पण?"

"खुंट्या पंचविसाच्या आसपास. वस्तू पाचपैकी निदान चार."

झालं. मला अभ्यासक्रम मिळाला. घरी येताना रिक्षात माझं डोकं नुसतं भणभणत होतं, पण बऱ्याच दिवसांनी चांगल्या अर्थाने.

आमच्या बिल्डिंगखाली धोंडिराम सुताराचं दुकान आहे. त्याच्याकडून मी तश्शीच पाटी करून घेतली. भोकं मुद्दाम जराशी घट्ट ठेवायला सांगितली. धोंडिराम म्हणाला, "मॅडम, खुंटी अडकंल." मी म्हटलं, अडकू दे. सरावाचा पेपर खऱ्या पेपरपेक्षा अवघड असावा लागतो, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा नियम आहे. सकाळी दहा वेळा, क्लास सुटल्यावर दहा वेळा, जेवणाआधी पाच. मी मोबाइलवर वेळ लावायची, वहीत लिहायची. सत्तर, चौसष्ट, सत्तावन्न. नंदू वैतागायचा. एकदा त्याने सगळ्या खुंट्या गॅलरीतून खाली भिरकावल्या, आणि मग गुपचूप जाऊन वेचून आणल्या. आमचा मुलगा शौनक बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, तू बाबांना स्कॉलरशिपला बसवलंयस." मी म्हटलं, बसवलंय, आणि मेरिटमध्ये आणणार आहे.

आणि आणलं. जूनमध्ये चाळीस, जुलैत एकतीस, ऑगस्टच्या मध्यावर घट्ट भोकांच्या पाटीवर सत्तावीस. रेवतीच्या पाटीवर चोवीस. ती चकित झाली. "काका, भारी!" नंदूच्या चेहऱ्यावर मार्चनंतर पहिल्यांदा हसू आलं. यात काही खोटं नव्हतं. त्या खुंट्या त्याने स्वतः कमावल्या होत्या, डोळ्यांनी बघून बघून, बोटांना नजरेने हाकून. ते मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पण वस्तू येईनात. जुलैअखेरीस पाचपैकी एक, तीही बहुधा अंदाजाने. मी घरी तशाच वस्तू जमवल्या, पट्टी बांधली, तास तास बसले. नंदू बोटं हलवायचा, दाबायचा, हुंगायचासुद्धा. "उत्तरा, किल्ली आहे का बटण आहे, मला काही लागत नाही गं," तो म्हणायचा. "काहीच नाही. तू ठेवलंस की नाही हेसुद्धा कळत नाही." मी म्हणायची, "लक्ष देत नाहीस तू." हे वाक्य मी हजारो पोरांना म्हटलं असेन. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. टेबलाच्या पलीकडून उलटा कागद वाचायची मास्तरणीला सवय असते. रेवतीच्या फॉर्मवर पाच वस्तूंची नावं छापलेली होती, आणि ती दर मंगळवारी त्याच क्रमाने वस्तू ठेवायची. किल्ली, बटण, टोपण, खोडरबर, सेफ्टीपिन. चार मंगळवार मी बघितलं. चारही वेळा तेच. बिचारीच्या मनात असं कुणी करेल हे आलंच नसणार. हात तपासून घ्यायला आलेला माणूस कॉपी कशाला करेल? ज्याच्या घरी माझ्यासारखी बायको आहे, तो करतो.

इंद्रधनुष्याचे रंग आपण 'तानापिहिनिपाजा' म्हणून पाठ करतो ना, तसं मी नंदूला करून दिलं. किबटोखोसे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, पण..." म्हणाला.

"आत्मविश्वासासाठी रे," मी म्हटलं. "एकदा चार आले की मन मोकळं होईल, मग बोटंही ऐकतील. आणि धडाधड सांगू नकोस. जरा चाचप. कपाळाला आठ्या घाल. तिसऱ्याला एकदा चुकून मग दुरुस्त कर."

बघा, कशी सराईत.  दुसऱ्या मंगळवारी पाचपैकी तीन आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी चार. सेफ्टीपिनला तो "माहीत नाही" म्हणाला, माझ्या सांगण्यावरून. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी पाच. रेवतीने रिपोर्ट लिहिला, तिथल्या डॉक्टरांनी सही केली, कामावर रुजू होण्यास हरकत नाही. शर्मिष्ठाला मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. "सोमवारपासून येऊ दे काकांना," ती म्हणाली. घरी जाताना मी श्रीखंड घेतलं. नंदू रिक्षात बाहेर बघत होता. मी म्हटलं, खूश नाहीस? म्हणाला, "आहे ना."

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला काय वेळ लागतो. तिसऱ्या मजल्यावरची चेतना शुक्रवारी वर आली, कडेवर आठ महिन्यांची गार्गी. पोरीला सारखा ताप येत होता, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. "मी सोमवारपर्यंत थांबतेय," चेतना म्हणाली. "एवढ्याशा हातात शीर सापडायची म्हणजे काकाच हवेत. बाकी कुणावर माझा भरवसा नाही." नंदूने गार्गीचा हात उजव्या हातात घेतला, बघितला, आणि "ये सोमवारी, सातला," म्हणाला. चेतना गेली. मी चहा टाकायला गेले, आणि का कोण जाणे, साखर दोनदा टाकली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

शनिवारी दुपारी आमटीचं पातेलं नंदूने उतरवलं. जेवताना मला त्याच्या डाव्या तर्जनीवर फोड दिसला. चांगला टपोरा, पाण्याने भरलेला.

"हा कधी आला?"

"काय?"

"फोड."

त्याने बोट डोळ्यांसमोर धरलं. "अरे," म्हणाला, "मघाशी भाजलं असेल." आणि भात कालवायला लागला. असेल! स्वतःचं बोट भाजलं, आणि हा शेजारच्यांच्या घरची बातमी सांगितल्यासारखं सांगतोय.

मला जेवण गेलं नाही. संध्याकाळचा क्लास मी अर्ध्यात सोडला, पोरांना वाटलं बाईंना बरं नाही. संभाजी पार्कात जाऊन फेऱ्या मारायला लागले. तीन, चार, सात. बाकावर बसले की दोन मिनिटांत उठत होते. मनात सारखं एकच, सोमवार, सकाळी सात, गार्गीचा हात. तो हात केवढा? माझ्या दोन बोटांएवढा. मग स्वतःलाच समजवायची, अगं, तेहेतीस वर्षांचा अनुभव आहे, नजर आहे, जमेल. पुढच्या वळणाला परत तोच हात. शेवटी मलाच माझा इतका राग आला की ओळखीच्या बाईने हाक मारली तर तिच्यावरच खेकसले.

रविवारी सकाळी पोहे झाले, बशा उचलल्या, टेबल पुसलं. मी नंदूची घरोघरी न्यायची पेटी कपाटातून काढून त्याच्यासमोर ठेवली आणि बाही वर केली.

"घे माझं."

"कशाला? तुला काय झालंय?"

"उद्या जायचंय ना. आज शेवटचा सराव."

त्याने पेटी उघडली. मग त्याने पट्टा काढला आणि बांधला, उजव्या हाताने आणि दातांनी. डावी तर्जनी माझ्या कोपराच्या खळगीत ठेवली. फोडावरची चिकटपट्टी त्याने आधीच काढली होती. डोळे मिटले. बोट फिरलं. डावीकडून उजवीकडे, वर, खाली, परत डावीकडे. थांबलंच नाही कुठे. बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या, मी त्या ऐकत बसले. मग नंदूने डोळे उघडले आणि खाली वाकून बघून एक जागा ठरवली. मोजे घातले, स्पिरिट लावलं, टोचलं.

रक्त आलं नाही. त्याने सुई आतल्या आत जराशी वळवली, मग दुसरीकडे वळवली. दुखलं. भयंकर दुखलं, पण मी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. त्याने सुई काढली, नवी घेतली, दोन बोटं खाली टोचलं. या वेळी नळीत लाल धार चढली, आणि मला, देवाशपथ, आनंद झाला. वाटलं, जमलं बाई! त्याने पट्टा सोडला, सुई काढली, कापूस ठेवला आणि डाव्या अंगठ्याने घट्ट दाबून धरलं. "दोन मिनिटं," म्हणाला, जसं सगळ्यांना म्हणायचा तसं.

कापूस त्याच्या अंगठ्याखाली नव्हताच. तो घरंगळून माझ्या मांडीवर पडला होता. अंगठा टोचलेल्या जागेच्या बोटभर बाजूला दाबत होता, आणि रक्त माझ्या हातावरून ओघळून टेबलावर टपकत होतं. नंदूची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, दोन मिनिटं मोजायला.   त्याचं मोज्यातलं बोट रक्ताने माखलं होतं, रक्त मोज्यावरून खाली येत होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "काय झालं?" आणि खाली बघितलं.

घाईघाईने त्याने कापूस शोधला, दाबला, टेबल पुसलं, परत दाबला.   माझा हात फुगून टेंगूळ आलं होतं.

"मला काही लागत नाही गं," तो म्हणाला. "मार्चपासून लागत नाही. मी तुला सांगितलं होतं."

"मग नंतर का नाही बोललास? रिपोर्ट मिळाला तेव्हा?"

"तू किती खूश होतीस. श्रीखंड आणलंस." तो म्हणाला, "आणि मलाही वाटलं, जाऊन बसू तर खरं. बघून बघून टोचीन. कुणाला कळणार आहे."

"गार्गी," मी म्हटलं.

"हो ना. शुक्रवारपासून तेच. तिचा हात बघितला आणि झोप उडाली माझी." त्याने मोजा ओढून काढला. "उत्तरा, मला नापास कर. मी दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. माझ्याने नाही होत."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. एवढ्या वर्षांत पालकांनी माझ्यासमोर पोरांच्या पाठीत धपाटे घातले, तेव्हा मी त्यांना सांगत आले की मूल काय म्हणतंय ते आधी ऐका. आणि माझ्या घरातला माणूस मला चार महिने सांगत होता.

फोन क्लासच्या टेबलावर होता. उजव्या हाताने मी रेवतीचा नंबर लावला. रविवार असूनही तिने उचलला.

"काकू? सगळं ठीक ना?"

"रेवती, काकांचा रिपोर्ट मागे घे. आजच. शर्मिष्ठाशी मी बोलते."

"का? काय झालं?"

"तू वस्तू कायम एकाच क्रमाने ठेवतेस. तो त्यांना पाठ होता."

 "काकांनी पाठ केला?" तिने विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता.

"नाही गं, ते सांगत होते, काही लागत नाही म्हणून. पाठ मी करून घेतला."

पलीकडून काहीच आवाज येईना. नंदू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने नवा कापूस घेतला, माझ्या हातावर नीट बघून ठेवला आणि उजव्या हाताने दाबून धरला. रेवती परत बोलायला लागेपर्यंत त्याने त्यावरून नजर काढली नाही.